गेटच्या अलीकडचे जंगल

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाचा लांबचा प्रवास अनेक पिढ्या कुलदैवताचे दर्शन, लग्नकार्ये आणि मे महिन्यातले आजोळ या निमित्तांनीच घडत आला, आणि त्या प्रवासात जंगल भेटलेच तर ते घाटातून जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून दिसेल तेवढेच भेटत असे. गेल्या दोन-अडीच दशकांत हे चित्र पालटले आहे. घरची मोटार, मुलांच्या शाळेच्या ठरलेल्या सुट्ट्या आणि वन्यजीवांच्या छायाचित्रांनी घरोघरी निर्माण केलेली ओढ यांमुळे ताडोबा, पेंच, मेळघाट आणि नागझिरा ही नावे आता महाबळेश्वर-गणपतीपुळ्याइतक्या सहजतेने घेतली जातात. दिवाळीच्या फराळाचे उरलेले डबे गाडीत घालून दोन-तीन कुटुंबे, त्यांतले आजी-आजोबा, महाविद्यालयापासूनचे मित्र आणि शाळकरी मुले पुण्या-मुंबईहून विदर्भाकडे निघतात, तेव्हा त्या प्रवासाचे उद्दिष्ट एका शब्दात सांगता येते आणि तो शब्द म्हणजे वाघ.

मराठी वाचकाला या जंगलांची पहिली ओळख रस्त्यांनी करून दिली नाही, ती पुस्तकांनी करून दिली. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि वनाधिकारी म्हणून आयुष्य रानात काढलेल्या मारुती चितमपल्लींचे ‘पक्षी जाय दिगंतरा’ किंवा ‘चकवाचांदण’ वाचलेल्या पिढीला पूर्व विदर्भातील अरण्य घरबसल्या परिचित झाले होते. त्या लेखनात वाघ होता, पण त्याच्याइतकेच तळे होते, मोह होता, पक्षी होते आणि रानात राहणारी माणसेही होती. आजच्या सहलीच्या आखणीत मात्र जंगल म्हणजे उद्यानाच्या गेटपासून आत सुरू होणारी आणि सफारीच्या वेळेबरोबर संपणारी गोष्ट, असे गृहीत धरले जाते आणि त्याआधीचे सातशे-आठशे किलोमीटर केवळ पार करायचे अंतर ठरतात. वस्तुतः विदर्भातील वाघाचे जंगल गेटपाशी सुरू होत नाही. शहराकडून जंगलाकडे जाणारा माणसाचा रस्ता आणि एका जंगलातून दुसऱ्या जंगलाकडे जाणारी वाघाची वाट ही दोन्ही एकाच भूमीवरून जातात आणि अनेक ठिकाणी एकमेकांना छेदतात. म्हणून कुटुंबाची ही सहल घराचे दार ओढून घेतल्या क्षणापासूनच जंगलाशी संबंधित असते, आणि तिचे बरेवाईट मोजमापही तेथूनच व्हायला हवे.

उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प

पर्यटकांच्या बोलण्यात राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प हे शब्द एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते वेगवेगळे आहेत. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार राष्ट्रीय उद्यानाला सर्वांत कडक संरक्षण मिळते आणि तेथे गुरे चारण्यास किंवा वनोपज गोळा करण्यास मुभा नसते. अभयारण्यात मात्र स्थानिकांचे काही हक्क ठरावीक अटींवर चालू राहू शकतात. व्याघ्र प्रकल्प ही या दोहोंना कवेत घेणारी व्यवस्था असून तिचे गाभा क्षेत्र आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र असे दोन भाग असतात. गाभा क्षेत्र वाघाच्या निर्वेध प्रजननासाठी राखलेले असते, तर बफर क्षेत्रात गावे, शेती आणि जंगल एकत्र नांदावीत अशी अपेक्षा असते. देशातील व्याघ्र प्रकल्पाची योजना १९७३ साली सुरू झाली आणि तिच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. आज महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे सहा व्याघ्र प्रकल्प आहेत.

त्यांपैकी चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे कुटुंबांच्या सहलींचे सर्वांत मोठे आकर्षण ठरले आहे. ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९५५ साली ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्रावर घोषित झाले, १९८६ साली त्यालगतच्या सुमारे ५०९ चौरस किलोमीटर जंगलाला अंधारी नदीच्या नावाने अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २०१० मध्ये सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र जोडले गेल्यावर प्रकल्पाचा विस्तार १७०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेला. या आकड्यांतून एक गोष्ट सरळ दिसते, ती अशी की ज्याला पर्यटक ‘ताडोबा’ म्हणतात त्याचा मोठा भाग गावे आणि शेते असलेला बफर आहे. उद्यानाला नाव मिळाले ते तारू या गोंड गावप्रमुखावरून, अशी परंपरा आहे. वाघाशी झुंजताना तो मरण पावला आणि देवत्वाला पोहोचला असे मानले जाते, आणि तळ्याकाठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे असून पौष महिन्यात तेथे जत्रा भरण्याची प्रथा आहे. या अरण्याची मुख्य ओळखच माणूस आणि वाघ यांच्या झुंजीच्या कथेतून आलेली आहे, हे तेथे जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सातशे किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाने या सहलीचे स्वरूप मुळापासून बदलले. ७०१ किलोमीटर लांबीच्या या सहापदरी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस मिळाला. पूर्वी विदर्भात मोटारीने जायचे म्हणजे वाटेत एक मुक्काम गृहीत धरावा लागे. आता पहाटे निघालेले कुटुंब संध्याकाळी नागपूर किंवा वर्ध्याच्या परिसरात पोहोचू शकते. मुलांच्या चार दिवसांच्या सुट्टीत जंगल बसू लागले, ते या रस्त्यामुळे.

मात्र या वेगाची किंमतही आहे. मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची कमाल मर्यादा असलेल्या, वळणे कमी आणि वस्ती दूर असलेल्या सरळ रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे असले तरी लक्ष बधिर होते. एकसुरी दृश्याने येणाऱ्या या अवस्थेला रस्ता-सुरक्षेच्या परिभाषेत महामार्ग संमोहन म्हणतात. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळून १२ जण दगावले. दोन्ही अपघात रात्रीचे होते. सकाळच्या सफारीची वेळ गाठण्यासाठी रात्रभर गाडी चालवत नेण्याचा बेत अनेक गटांत ठरतो, कारण त्यात एका मुक्कामाचा खर्च वाचतो. परंतु म्हातारी माणसे आणि मुले सोबत असताना हा बेत आर्थिक दृष्टीने कितीही सोयीचा वाटला तरी तो करू नये, एवढे या दोन घटना स्पष्टपणे सांगतात. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर सलग वेगात धावण्यापूर्वी टायरांची स्थिती आणि हवा तपासून घेणे, दर दोन तासांनी थांबणे आणि चालवणारे हात बदलत राहणे या गोष्टी सामानाच्या यादीत सर्वांत वर असायला हव्यात.

थांबण्याला या रस्त्यावर कारणेही भरपूर आहेत, कारण महामार्गावरून दिसणारा आणि न दिसणारा असा दोन्ही महाराष्ट्र येथे लगतच असतो. सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान आणि मेहकरजवळचे लोणार ही दोन्ही ठिकाणे थोडी वाट वाकडी केल्यास पाहता येतात. लोणारचे सरोवर उल्कापाताने बसाल्ट खडकात तयार झालेल्या विवरात साठलेले असून त्याचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, आणि २०२० साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पुढे वर्ध्याला सेवाग्राम आणि पवनार, तर वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केलेले आनंदवन लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या वाटेच्या दोन्ही बाजूंना काढणी झालेले सोयाबीन, फुटलेला कापूस आणि फुलावर आलेली तूर दिसते, आणि काळी कसदार जमीन विदर्भाच्या पूर्वेकडे सरकताना हळूहळू रंग बदलते. दख्खनच्या बसाल्टचा थर तेथे संपतो आणि कोळसा पोटात असलेले गोंडवाना काळाचे खडक वर येतात. नकाशावर ठिपक्यांसारखी दिसणारी ही ठिकाणे मुलांना जंगलाकडे क्रमाक्रमाने घेऊन जातात, आणि जंगल हे आकाशातून पडलेले उद्यान नसून जमिनीच्या प्रकारातून, पाण्यातून आणि माणसांच्या इतिहासातून घडलेले आहे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

चंद्रपूर शहरातून ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे जाणारा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता तर या संपूर्ण प्रवासाचा सर्वांत बोलका भाग आहे. गोंड राजांच्या या जुन्या राजधानीचा परकोट मागे पडल्यावर ऊर्जानगरचे औष्णिक वीज केंद्र लागते. २,९२० मेगावॉट क्षमतेच्या या केंद्राच्या धुराड्यांनंतर पद्मापूरची उघडी कोळसा खाण, नंतर याच वीज केंद्राला पाणी पुरवणारा इरई धरणाचा जलाशय, आणि त्या जलाशयाच्या काठाकाठाने मोहर्ली, अशी ही वाट आहे. पुण्या-मुंबईच्या घरात पेटणाऱ्या दिव्याची एक वाट या खाणीतून जाते, आणि त्याच वाटेवर वाघ पाहायला निघालेली मुले गाडीच्या काचेला नाक लावून बसलेली असतात. ताडोबालगत लोहारा येथे प्रस्तावित असलेल्या कोळसा खाणीविरुद्ध चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे यांनी २००९ साली उपोषण केले आणि पुढे तो प्रस्ताव बारगळला. या परिसरातील जंगल टिकले ते आपोआप टिकले नाही, त्यासाठी चंद्रपूरच्या माणसांनी झगडा दिला, ही गोष्ट त्या रस्त्यावरच मुलांना सांगण्याजोगी आहे.

वाघाचा प्रवास

वाघाचे पिल्लू साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत आईसोबत राहते आणि त्यानंतर स्वतःचे क्षेत्र शोधण्यासाठी बाहेर पडते. जन्मभूमी सोडून जाण्याच्या या प्रक्रियेला जीवशास्त्रात विखुरण म्हणतात, आणि ज्या जंगलपट्ट्यांतून, नाल्यांतून व शेतांच्या कडेकडेने हे प्रवास घडतात त्यांना कॉरिडॉर, म्हणजे संचारमार्ग, अशी संज्ञा आहे. मूळ जंगलात जागा अपुरी पडली आणि हे मार्ग तुटले, तर नवे वाघ एकमेकांशी झुंजून मरतात किंवा गावांकडे वळतात, आणि दीर्घकाळात एकाच रक्ताच्या प्राण्यांचा समूह दुबळा होत जातो.

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका नर वाघाने हा प्रवास किती लांबचा असू शकतो हे दाखवून दिले. २०१९ च्या सुरुवातीला त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे उपग्रहाद्वारे ठिकाण कळवणारा पट्टा, बसवण्यात आला होता, त्यामुळे त्याची वाट टिपता आली. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, नाले, रस्ते आणि वस्त्या ओलांडत तो फिरत राहिला, बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला, आणि त्याने एकूण तीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर कापल्याचे नोंदले गेले. अभ्यासकांनी त्याला ‘वॉकर’ हे नाव दिले. त्यानंतर २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात, जेथे वाघाची कोणालाच अपेक्षा नव्हती, टिपेश्वरकडून आलेला आणखी एक वाघ दिसला. पुण्याहून विदर्भाकडे जंगल पाहायला जाणाऱ्या मोटारी आणि विदर्भातून पश्चिमेकडे जागा शोधत येणारा वाघ यांच्या दिशा उलट आहेत, पण मुलूख एकच आहे.

सगळेच वाघ पोहोचत नाहीत. बोर प्रकल्पातील ‘बाजीराव’ या नावाने ओळखला जाणारा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मरण पावला, तर नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोना परिसरात रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे सापडले. रात्रीच्या महामार्गावर समोरून येणाऱ्या दिव्यांनी प्राण्याचे डोळे दिपतात आणि तो जागीच थबकतो. वेगात असलेल्या चालकाला त्या क्षणी करण्यासारखे काहीच उरत नाही.

यावर उपाय निघू शकतो, हे नागपूरहून पेंचकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ ने सिद्ध केले आहे. मनसर ते खवासा या पट्ट्यात पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या या रस्त्याच्या चौपदरीकरणाचा वाद अनेक वर्षे चालला आणि अखेर भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने रस्त्याखालून प्राण्यांना जाता येईल अशी नऊ बांधकामे उभारण्यात आली, ज्यांतील सर्वांत मोठी ७५० मीटर लांबीची आहेत. २०१९ साली या भुयारी मार्गांत लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे वन्यप्राणी नोंदले गेले आणि अकरा वेगवेगळ्या वाघांनी मिळून ८९ वेळा हे मार्ग वापरल्याचे आढळले. वरून गाड्या धावत असताना खालच्या ओलसर मातीत चितळांचे कळप, रानकुत्री, अस्वले आणि वाघ एकाच जागेतून, वेगवेगळ्या वेळी ये-जा करत राहतात. पेंचला जाणारे कुटुंब या पुलांवरून सरळ पुढे निघून जाते आणि तासाभराने गेटपाशी वाघाची चौकशी करू लागते, तेव्हा वाघाची एक वाट त्या कुटुंबाच्या गाडीच्या चाकांखालून कधीच गेलेली असते. समृद्धी महामार्गावरही वन्यप्राण्यांसाठी भुयारी व उन्नत मार्ग बांधण्यात आले आहेत. अशा बांधकामांचा खर्च हा रस्त्याच्या खर्चातला अनाठायी भाग आहे, असा सूर कधीमधी ऐकू येतो. या रस्त्यांचा लाभ घेणाऱ्या पर्यटक कुटुंबांनीच त्या सुराला उत्तर द्यायला हवे, कारण ज्या वाघासाठी ती एवढ्या लांबून येतात तो या वाटांशिवाय पुढच्या पिढीला दिसणार नाही.

जिप्सीतले तीन तास

सफारीच्या उघड्या जिप्सीत सहा पर्यटक, एक चालक आणि एक गाइड बसतात. दहा-बारा जणांच्या गटाची त्यामुळे दोन गाड्यांत विभागणी होते, आणि हिवाळ्याच्या पहाटे शाल, कानटोपी, मफलर अशा जय्यत तयारीने बसलेल्या आजी-आजोबांना मधली, कमी धक्के बसणारी जागा देणे ही साधी गोष्ट पुढच्या तीन तासांचे सुख ठरवते. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, मंगळवारी उद्यान बंद असते आणि पावसाळ्याचे तीन महिने गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबते. ऑक्टोबरात उद्यान उघडते तेव्हा गवत माणसाच्या उंचीचे आणि पाणी जागोजागी असते, त्यामुळे वाघ दिसणे अवघड जाते. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या मे महिन्यात मोजके पाणवठे उरतात आणि तेथे प्राणी ठरलेल्या वेळी येतात. तरीही दिवाळीनंतरचे ताडोबा पाहण्यात वेगळे समाधान आहे, कारण तेव्हा जंगल पोटभर पाणी प्यालेले आणि भरलेले असते.

चांगला गाइड या वेळी वाघ दाखवण्याआधी जंगल वाचायला शिकवतो. सागाच्या मोठ्या पानांमध्ये मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीचा ऐन उभा असतो, आणि ती जाड साल त्याला वणव्यापासून वाचवते. मोहाखाली उन्हाळ्यात अस्वले येतात, कारण त्याची गोड फुले त्यांना प्रिय असतात. झाडावर वानरे आणि खाली चितळे असे दृश्य वारंवार दिसते, कारण वानरांनी टाकलेला पाला आणि फळे चितळांना मिळतात आणि उंचावरून दिसणारा धोका वानरे ओरडून सांगतात. या ओरडण्यालाच गाइडच्या भाषेत ‘कॉल’ म्हणतात. वानराचा खाकरल्यासारखा आवाज किंवा चितळाची तीक्ष्ण शीळ कधी फसवी असू शकते, कारण ही जनावरे लहानसहान संशयानेही ओरडतात. सांबराचा भरदार, घुमणारा आवाज आला की मात्र गाइड चालकाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि गाडी थांबते, कारण सांबर सहसा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओरडत नाही. रस्त्याच्या मऊ धुळीत उमटलेला पंजा चौकोनी असला तर नराचा आणि लांबट असला तर मादीचा, हे त्याच धुळीकडे बोट दाखवून गाइड सांगतो, आणि त्यावर आदल्या रात्रीच्या किड्याची नक्षी उमटलेली असेल तर वाघ पहाटेच्या आधीच गेला, हा निष्कर्ष मुले आपणहून काढू लागतात. या क्षणी सहल पाहण्याची राहत नाही, ती समजण्याची होते.

परंतु ‘साइटिंग’ हा एकच शब्द ज्या गाडीत सतत घोळत असतो तिला हे तीन तास मिळत नाहीत. न्याहारीच्या वेळी एका गाडीला वाघ दिसल्याचे आणि दुसरीला न दिसल्याचे कळते तेव्हा मुलांचे चेहरे पडतात, मोठ्यांचे आवाज चढतात आणि पुढच्या फेरीत गाइडवर दडपण येते. या दडपणाचा शेवट कोठे होतो हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. तेथे एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकले आणि त्यांची वाट अडली, आणि ते चित्रण पसरल्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखणे आवश्यक आहे आणि गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भागात पर्यटन होता कामा नये. हे नियम पाळणे ही चालक-गाइडची जबाबदारी आहे हे खरे, पण गाडीत मागे बसलेल्या सहा जणांनी ‘भाऊ, जरा पुढे घ्या ना’ असे म्हणणे थांबवले, तर त्या जबाबदारीचे ओझे निम्मे हलके होते. आजोबांनी नातवंडांसमोर ‘राहू द्या, वाघाला जाऊ द्या’ असे सांगितले, तर तो नियम त्या मुलांच्या आयुष्यात कायमचा राहतो.

बफरमधले घर

गाइड सकाळी ज्या गावातून येतो ते गाव बहुधा बफर क्षेत्रातले असते, आणि त्या गावाचे जंगलाशी असलेले नाते पर्यटकाच्या नात्याहून फार वेगळे असते. ताडोबाच्या गाभ्यात पूर्वी बोटेझरी, कोळसा, पळसगाव, जामणी, नवेगाव आणि रानतळोधी अशी गावे होती, आणि २००७ पासून टप्प्याटप्प्याने त्यांतील बहुतांश कुटुंबे मोबदला व पर्यायी जागा घेऊन बाहेर आली. आज ज्या गवताळ कुरणात चितळांचे कळप पाहून पर्यटक हरखून जातात त्यांतली काही कुरणे म्हणजे एके काळची शेते आणि अंगणे आहेत. वाघासाठी जागा मोकळी झाली ती कोणाच्या तरी वाडवडिलांच्या जागेतून झाली, याची जाणीव त्या कुरणापाशी थांबताना गाडीत असावी.

बफरमधली आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या इतर भागांतली माणसे मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला उन्हाळ्याच्या पहाटे जंगलात जातात, आणि त्याच काळात वाघाच्या हल्ल्यांत मृत्यू घडतात. वेचणारे वाकलेले असतात, आवाज नसतो आणि झुडपांत वाघ दिसत नाही. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ आणि ताडोबा प्रकल्पात ९७ वाघ असल्याचे अनुमान निघाले, तेव्हा राज्यभर समाधान व्यक्त झाले. २००६ मध्ये राज्यातील हा आकडा केवळ १०३ होता, हे पाहता ते समाधान रास्तच होते. परंतु या यशाचा सर्वांत जड भार जंगलाला खेटून राहणाऱ्या माणसांवर पडला. वनकर्मचारीही त्यातून सुटले नाहीत: २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा परिसरातील गाभा क्षेत्रात व्याघ्रगणनेची पाहणी करताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

या भाराची थोडी तरी परतफेड व्हावी म्हणून गेटवर भरलेल्या शुल्काचा वाटा प्रकल्पाच्या प्रतिष्ठानामार्फत संरक्षण आणि गावांच्या विकासाकडे वळवण्याची व्यवस्था आहे, आणि २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफर गावांना गॅस जोडण्यांसारखी मदत मिळते, ज्यामुळे सरपणासाठी जंगलात जाण्याची गरज कमी होते. गाइड, जिप्सीचालक, होम-स्टे चालवणाऱ्या महिला आणि ढाब्यावरचा स्वयंपाकी यांच्या उत्पन्नात कुटुंबाच्या सहलीचा प्रत्यक्ष हात असतो. म्हणूनच गटातील बारा माणसे चार फेऱ्या एकाच मोठ्या रिसॉर्टमधून करून परतली, की दोन फेऱ्या करून एक दुपार बफरमधल्या एखाद्या गावात, चुलीवरची भाकरी, तुरीचे वरण आणि वांग्याची भाजी जेवत घालवली, याने गावाला फरक पडतो आणि सहलीलाही पडतो. गाइडला ‘भाऊ’ किंवा ‘ताई’ म्हणून हाक मारणाऱ्या मुलांना त्या भाऊचे घर कोठे आहे आणि त्याचे आईवडील उन्हाळ्यात काय करतात हे कळले, तर वाघाबद्दलची त्यांची समज अधिक पूर्ण होते.

आखणीतला विवेक

या सर्वांचा विचार केला तर जंगलाच्या सहलीची आखणी वेगळ्या क्रमाने करावी लागते. प्रवासासाठी किमान एक पूर्ण दिवस राखावा, तो उजेडात करावा आणि लोणार किंवा आनंदवनासारख्या एका थांब्याला त्यात हक्काची जागा द्यावी. सफारीच्या फेऱ्या मोजक्या ठेवाव्यात आणि त्यांतली एक तरी बफर गेटमधून करावी, कारण बफरमध्ये वाघ आणि गाव यांचे सहजीवन समोर दिसते. गटातील मुलांना निघण्यापूर्वी माडगूळकर किंवा चितमपल्ली यांचे एखादे प्रकरण वाचून दाखवावे, आणि परतल्यावर त्यांच्याकडून नुसती वाघांची संख्या न विचारता त्यांनी ऐकलेले कॉल आणि ओळखलेली झाडे विचारावीत. महामार्गावर रात्री जंगलपट्टा आला की वेग कमी करावा आणि प्लॅस्टिकचे वेष्टन काचेबाहेर पडू देऊ नये, कारण त्या पट्ट्यातून पुढच्याच तासात कोणीतरी नवे क्षेत्र शोधत जाणार असते.

महाराष्ट्रातील वाघांची संख्या वाढत असताना गाभा क्षेत्रांचे क्षेत्रफळ मात्र त्या प्रमाणात वाढलेले नाही. पुढच्या पिढीचे वाघ कोठे राहतील हे यापुढे गेटच्या आतल्या जंगलापेक्षा गेटच्या अलीकडची शेते, नाले, रेल्वेमार्ग आणि रस्ते यांच्यावर अधिक अवलंबून राहील, आणि त्या भूमीवर सर्वाधिक प्रवास करणारा, सर्वाधिक खर्च करणारा आणि मतपेटीद्वारे निर्णयावर परिणाम करणारा वर्ग हाच मध्यमवर्ग आहे. भुयारी मार्गांसाठी आग्रह धरणे, कॉरिडॉरमधल्या खाणींबाबत जनसुनावणीत बोलणे, आणि जंगलालगतच्या गावांना मोबदला वेळेवर मिळावा म्हणून आपल्या लोकप्रतिनिधीला विचारणे ही कामे सहलीहून परतल्यावर करायची आहेत आणि ती सफारीपेक्षा अवघड आहेत. ताडोबाला जाऊन आलेल्या प्रत्येक कुटुंबाने यांतले एक जरी काम मनावर घेतले, तर वाघाला त्याची वाट मिळेल, बफरमधल्या माणसाला त्याचा न्याय मिळेल आणि राज्याच्या वाघवाढीला खरा अर्थ येईल.